ग्रीन टीची पुडी परत आणण्याआधी

इंदूरच्या सियागंज बाजारातून चहा नेणारी आपली मंडळी पत्ती पारखण्यात पक्की आहेत. तरी ग्रीन टीची फोडलेली पुडी "कडूजहर निघाली हो" म्हणत परत येतेच. खोदून विचारलं की कळतं, पातेल्यात पाणी, पत्ती आणि वर दणदणीत उकळी!

झाड साध्या चहाचंच. फक्त पानं खुडल्यावर लवकरच वाफेवर किंवा कढईत तापवतात, म्हणून ती काळी पडत नाहीत आणि त्यांतली कॅटेचिन्स नावाची द्रव्यं टिकतात. गुण त्यांचा, कडवटपणाही बराचसा त्यांचाच. उकळलं की ती भसाभस उतरतात. पाणी ८० अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर कशाला? तीन वाट्या उकळतं पाणी, एक वाटी माठातलं, आणि मग पत्ती. कपाला एक लहान चमचा, म्हणजे २ ग्रॅम. दोन-तीन मिनिटांत गाळाच. दूध घालायचं असेल तर आमची आसाम न्या, ती त्यासाठीच आहे.

पोह्यांबरोबर नको. पोहे-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागू देण्यात चहा आडवा येतो. तासाभराचं अंतर ठेवा, रक्त कमी असलेल्यांनी तर नक्कीच. उपाशीपोटी काहींना मळमळतं. कॅफिन कॉफीपेक्षा कमी, पण असतं. झोप नाजूक असेल तर संध्याकाळी टाळा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

"वजन उतरेल ना?" एकट्या ग्रीन टीनं नाही. अभ्यासांत दिसलेला फरक किरकोळ आहे. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल थोडं कमी होतं, तेही रोज घेतला तर. रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात तळलेला गराडू कंद आणि सकाळी ग्रीन टी, हा हिशेब जुळायचा नाही. साखर-दुधाचे दोन कप सुटले, तर तो फायदा मात्र खरा. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल आम्ही ठेवत नाही. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) असलेल्या गोळ्यांनी यकृतावर ताण येऊ शकतो, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये दिला आहे. कपातल्या चहाची गोष्ट वेगळी.

फोडलेली पुडी आम्ही परत घेत नाही, राग मानू नका. ही पत्ती हिंग-मसाल्याचा वास लगेच ओढते, ती दुसऱ्याला कशी देणार? म्हणून आधी ५० ग्रॅमच न्या. कांगड्याची सौम्य आहे, नवख्यांना तीच देतो. दुकानात एक कप पिऊन बघा, पसंत पडली तरच पुडी बांधू. घट्ट झाकणाचा डबा आणलात तर थेट त्यातच भरून देऊ.