कांडवेल, कामट्या आणि प्लास्टर

सह्याद्रीतल्या ठाकर-कातकरी पाड्यांपासून गडचिरोलीच्या गोंड गावांपर्यंत मोडलेलं हाड आजही अनेकदा आधी वैदूकडे जातं. कांडवेलीचं चौधारी, पेरापेरांचं खोड हाडांच्या सांध्यांसारखं दिसतं, म्हणून ते हाड जोडतं, हा जुना समज. 1960च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. के. एन. उडुपा आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवर तपासलं, तेव्हा हाड लवकर भरत असल्याचं दिसलं. पण सरकलेली टोकं वेल जागेवर आणत नाही. शिवाय कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे कच्चं खोड तोंडाला खाजतं.

हाड हलू न देण्याचं खरं काम करतात त्या बांबूच्या कामट्या. सुश्रुतसंहितेतही बांबू आणि मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली बांधायला सांगितल्या आहेत. थंडीत 7, उन्हाळ्यात 3 दिवसांनी बांधणी बदलावी, सैल बांधलं तर सांधा स्थिर राहत नाही, घट्ट बांधलं तर सूज, ठणका आणि पू. डच लष्करी डॉक्टर मॅथिसेन यांनी प्लास्टरच्या पट्ट्या 1852 साली पुढे आणल्या, त्याही याच तत्त्वावर. 1895 मध्ये एक्स-रे आला आणि फरक पडला तो इथे: टोकं नीट जुळली की नाही, हे हाताने चाचपून सांगण्याची गरज उरली नाही.

घट्ट बांधणीची चूक प्लास्टरवाल्यांनीही केली. बोटं वाकून कायमची आखडतात, हा विकार जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी 1881 मध्ये मांडला. मोडीनंतर पहिले 2-3 दिवस सूज वाढते, बांधणी मात्र ताणली जात नाही. आतला दाब वाढून स्नायूंचं रक्त थांबतं आणि साधारण 6 तासांत ते मरू लागतात. म्हणूनच ताज्या मोडीवर पूर्ण प्लास्टरऐवजी बहुधा एका बाजूने आधार देणारा स्लॅब घालतात. बोटं सरळ करताना असह्य कळ आली, मुंग्या आल्या, तर बांधणी लगेच त्वचेपर्यंत सोडायची आणि रुग्णालय गाठायचं. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये; ती सर्वांत शेवटी जाते.

कोपराला तेल लावून चोळणं तर टाळावंच: स्नायूत नवं हाड तयार होतं आणि कोपर वाकेनासं होतं. हाड बाहेर आलेल्या जखमेत पाला भरला तर धनुर्वाताचा धोका असतो.