चिनी भाषकांना इंग्रजी शिकवायचंय? एजंटला पैसे भरण्याआधी हे वाचा

चिनी भाषकांना इंग्रजी कसं शिकवायचं याचा आमचा पुण्यातला प्रशिक्षण वर्ग छोटा आहे, पण आठवड्यातून एक तरी फोन असा येतोच: "मॅडम, चीनमध्ये इंग्रजी शिक्षकाची नोकरी आहे म्हणे. राहायला फ्लॅट, विमानाचं तिकीट, सगळं तेच देतात. एजंट दीड लाख मागतोय. भरू का?" विचारणारी मुलं-मुली बहुतेक इंग्रजी घेऊन एम.ए. किंवा बी.एड. झालेली असतात. कुठल्या तरी शाळेत तासिका तत्त्वावर राबून कंटाळलेली असतात. "भरू नका" एवढं उत्तर आम्ही लगेच देतो, पण त्याची कारणं सांगायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास या पत्रकात लिहून काढला आहे. चिनी भाषकांना शिकवण्याचं काम खरंच आहे आणि ते चांगलंही आहे, पण ते एजंट दाखवतो तिथे सहसा नसतं.

पासपोर्टची गोष्ट आधी

चीनच्या मुख्य भूमीवर, म्हणजे हाँगकाँग-मकाव सोडून, नोकरी करायची तर झेड व्हिसा म्हणजे कामाचा व्हिसा लागतो. तिथे पोचल्यावर 30 दिवसांच्या आत निवासाच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो आणि कामाचा परवाना वेगळा असतो. 1 एप्रिल 2017 पासून तिथे परदेशी कामगारांची ए, बी, सी अशी वर्गवारी आहे. भाषा शिकवणारे बहुतेक जण बी वर्गात येतात. भाषाशिक्षकाने आपली मातृभाषाच शिकवावी, त्याच्याकडे पदवी असावी आणि किमान 2 वर्षांचा अनुभव असावा, असा तिथला नियम आहे. शिक्षणशास्त्राची पदवी किंवा भाषा शिकवण्याचं मान्य प्रमाणपत्र असेल तर अनुभवाची अट सुटते. मातृभाषेची अट मात्र सुटत नाही. ती बघताना व्यवहारात पासपोर्टच बघतात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. तुमचं शिक्षण पहिलीपासून इंग्रजी माध्यमात झालेलं असलं तरी भारतीय पासपोर्टवर "इंग्रजी शिक्षक" म्हणून परवाना निघणं फार अवघड आहे. हे न्याय्य आहे असं आम्हाला मुळीच वाटत नाही. पण नियम आहे तो आहे, आणि तो तुमच्यापासून लपवून फी घेणं आमच्याच्याने होणार नाही.

यावर एजंटचं उत्तर ठरलेलं असतं. बिझनेस व्हिसावर किंवा विद्यार्थी व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देऊ. असं अजिबात करू नका. 1 जुलै 2013 पासून लागू असलेल्या चीनच्या कायद्यानुसार परवान्याशिवाय काम करताना सापडलेल्या परदेशी माणसाला 5,000 ते 20,000 युआन दंड होतो. प्रकरण गंभीर असेल तर 5 ते 15 दिवसांची कोठडीही होते. वर मायदेशी परत पाठवलं जाऊ शकतं. अशी बेकायदा नोकरी लावून देणाऱ्यालाही त्या कायद्यात दंड आहे. पण एजंट इथे आपल्या गावात बसलेला असतो आणि कोठडीत तुम्ही असता.

मग ऑनलाइन?

2019 च्या सुमाराच्या "घरबसल्या चिनी मुलांना शिकवा" या जाहिराती अनेकांना आठवतात. ते दिवस 24 जुलै 2021 ला संपले. त्या दिवशी चीन सरकारचं "दुहेरी भार कमी" करण्याचं धोरण जाहीर झालं. पहिली ते नववीच्या मुलांच्या शालेय विषयांच्या शिकवण्या नफ्यासाठी चालवता येणार नाहीत, शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत त्या घेता येणार नाहीत, आणि देशाबाहेर बसलेल्या शिक्षकांकडून शिकवून घेता येणार नाही, असं ठरलं. मोठमोठ्या कंपन्यांचा हा धंदा काही महिन्यांतच गुंडाळला गेला. तेव्हा आज कुणी "चिनी मुलांची ऑनलाइन बॅच" देतो म्हणाला, तर कुठल्या वयाची मुलं आणि कुठल्या देशातली, हे आधी विचारा.

मोठ्या माणसांना मात्र हे धोरण लागू नाही, आणि गरज त्यांनाच जास्त आहे. चीनमध्ये 2001 पासून तिसरीपासून इंग्रजी शिकवायचं धोरण आहे. विद्यापीठ प्रवेशाच्या गाओखाओ परीक्षेत 750 पैकी 150 गुण इंग्रजीचे असतात आणि पुढे महाविद्यालयात सीईटी-4 ही इंग्रजीची 710 गुणांची परीक्षा असते. एवढं सगळं करून आलेला इंजिनियर उतारा झरझर वाचतो, पण बोलायची वेळ आली की त्याचं तोंड उघडत नाही. चिनी लोक स्वतःच याला "याबा यिंग्यू" म्हणतात, म्हणजे मुकं इंग्रजी. आपल्याकडचे सेमी-इंग्रजीत शिकलेले डिप्लोमाधारक ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे दुखणं लगेच ओळखू येईल.

असा विद्यार्थी भेटायला बेइजिंग गाठावं लागत नाही. चाकण-रांजणगावच्या पट्ट्यात चिनी कंपन्यांचे कारखाने आहेत, चिनी यंत्रं बसवायला येणारे तंत्रज्ञ आहेत. त्यांना लाइनवरच्या मराठी सुपरवायझरशी इंग्रजीतच बोलावं लागतं. आमच्याकडून शिकून गेलेल्यांपैकी बरेच जण हेच काम करतात.

बाहेर जायचंच असेल तर हाँगकाँगकडे बघा. तिथल्या सरकारी योजनेत शाळांमध्ये इंग्रजीचे खास शिक्षक नेमतात. माध्यमिक शाळांत ही योजना 1998 पासून आहे, प्राथमिक शाळांत 2002 पासून. तिथे मातृभाषेइतकं सफाईदार इंग्रजी असणाऱ्यालाही अर्ज करता येतो. स्पर्धा कडक असते, शिक्षकी पात्रता आणि वर्गातला अनुभव नीट तपासतात. गणित किंवा विज्ञानाचे पदवीधर असाल तर चीनमधल्या आंतरराष्ट्रीय शाळांत विषयशिक्षक म्हणून जाण्याचा रस्ता वेगळा आहे. तिथे मातृभाषेची अडचण येत नाही. आमच्याकडे ती तयारी करून घेत नाहीत, पण कुठे चौकशी करायची ते सांगू.

आम्ही नेमकं काय शिकवतो

पहिल्या दिवशी आम्ही प्रत्येकाच्या हातात कागदाची पातळ पट्टी देतो. ती ओठांसमोर धरायची आणि इंग्रजीत "पेन" म्हणायचं. आपण मराठी माणसं म्हणतो तेव्हा पट्टी जागची हलत नाही, कारण आपला प कोरडा असतो. इंग्रजांच्या प मध्ये श्वासाचा झोत असतो, जवळजवळ आपल्या "फळ" मधल्या ओठ मिटून म्हटलेल्या फ सारखा. आणि चिनी कान नेमका तो झोतच ऐकतो. त्यांच्या भाषेत प आणि ब असा फरक नाही, प आणि फ असा आहे. रोमन लिपीत बी अक्षराने लिहिलेलं बेइजिंग ते स्वतः "पेइचिंग"च्या जवळपास म्हणतात. त्यामुळे तुम्ही कोरडा प वापरून "पार्क" म्हणालात तर त्याला "बार्क" ऐकू येतं. तुमचा "कोट" त्याला "गोट" वाटतो. वर्गात गोंधळ उडतो आणि दोष विद्यार्थ्याला लागतो.

याचा उलटा अर्थही लक्षात घ्या. प, फ, ब, भ हे चारही वेगळे ऐकणारा कान तुम्हाला आईकडून मिळालाय. अनेक इंग्रज शिक्षकांना चिनी विद्यार्थ्याच्या तोंडातला प आणि ब यांचा गोंधळ कळायला वेळ लागतो, तुम्हाला तो पहिल्याच तासाला कळेल. आपल्याकडे "चार"मधला च वेगळा आणि "चांगला"मधला वेगळा. मँडरिनमध्येही, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेतही, असे वेगवेगळे च आहेत. हे माहीत असलेला शिक्षक विद्यार्थ्याचं नाव बरोबर उच्चारतो, आणि नाव बरोबर उच्चारलं की माणूस बोलायला लागतो.

एका कारखान्यातला प्रसंग सांगते. आमच्या एक शिक्षिका तिथे संध्याकाळी पाच जणांचा वर्ग घेत. त्यातला एक तंत्रज्ञ दुपारी लाइनवर "वाऊ चेक करा" असं इंग्रजीत तीन-तीनदा सांगत होता आणि आपला फिटर भिंतीकडे बघत होता. त्याला म्हणायचं होतं व्हॉल्व्ह. मँडरिनमध्ये व्ह नाही, शब्दाच्या शेवटी ल येत नाही आणि दोन व्यंजनं एकाला एक जोडून येत नाहीत. मग उरतं काय? बाईंनी त्या संध्याकाळी पुस्तक मिटलं. खालच्या ओठावर वरचे दात टेकवून व्ह कसा काढायचा एवढंच चाळीस मिनिटं घेतलं, समोर खराखुरा पितळी व्हॉल्व्ह ठेवून. मराठीत आपण व आणि व्ह वेगळे लिहितो, पण इंग्रजी बोलताना दोन्हीचा एकच करून टाकतो. म्हणून हा धडा आधी शिक्षकांनी गिरवायचा असतो.

व्याकरणात चुका कुठून येतात तेही आम्ही उलगडून दाखवतो. चिनी बोलण्यात तो, ती, ते या तिन्हींना एकच "ता". म्हणून चांगला शिकलेला माणूसही बायकोबद्दल सांगताना इंग्रजीत "तो डॉक्टर आहे" म्हणून जातो. त्यावर हसू नये. क्रियापदाला काळाचा प्रत्यय नाही, म्हणून "काल मी जातो". "जरी" आल्यावर "पण" आणि "कारण" आल्यावर "म्हणून" ही जोडी त्यांच्या भाषेत बरोबर आहे: सुईरान आलं की दानशी, यिनवेई आलं की सुओयी. आपणही "जरी" म्हटलं की "तरी" म्हणतोच. इंग्रजीत त्यातलं एकच चालतं. ही चूक मराठी शिक्षकाने समजावली तर ती चूक वाटत नाही, सवय वाटते.

आकड्यांवर एक अख्खा तास असतो. चिनी माणूस दहा हजारांच्या गठ्ठ्यात मोजतो, त्याला "वान" म्हणतात. दहा कोटींचा गठ्ठा "यी". आपले साडेतीन लाख म्हणजे त्याचे 35 वान आणि इंग्रजीतले 350 हजार. उत्पादनाच्या मीटिंगमध्ये दोघंही आपापल्या डोक्यात हिशेब करत एकमेकांशी इंग्रजीत बोलतात, आणि एका शून्याची चूक कारखान्याला महाग पडते.

शेवटचा भाग वर्गातल्या वागण्याचा. चिनी विद्यार्थी तुम्हाला नावाने हाक मारणार नाही, "टीचर" म्हणेल. हे "लाओशी" या मानाच्या संबोधनाचं भाषांतर आहे, आपल्या "सर", "मॅडम" सारखंच. चारचौघांत उत्तर चुकणं त्याला फार लागतं. म्हणून आधी दोघा-दोघांत बोलू द्यायचं, मग सगळ्यांसमोर विचारायचं. तो गप्प असेल तर त्याला येत नाही असं धरून चालू नका.

प्रमाणपत्राबद्दल

आमचं प्रमाणपत्र हे आमच्या वर्गाचं आहे, त्याने कुठल्याही देशाचा व्हिसा मिळत नाही. परदेशी अर्ज करायचा असेल तर केंब्रिजचा सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याचा अभ्यासक्रम करा. तो साधारण 120 तासांचा असतो आणि त्यात खऱ्या विद्यार्थ्यांना परीक्षकासमोर 6 तास शिकवावं लागतं. दोन दिवसांत मोबाईलवर मिळणाऱ्या "120 तासांच्या" प्रमाणपत्रावर पैसे घालवू नका. आमच्याकडून सेल्टाला गेलेल्यांना आमचा उच्चारांचा भाग तिथे उपयोगी पडला.

प्रवेशाचं

वर्ग दहा आठवडे, शनिवार-रविवार सकाळी. एका तुकडीत बारापेक्षा जास्त जण घेत नाही, कारण कागदाची पट्टी प्रत्येकाची बघावी लागते. फी दोन हप्त्यांत. पहिला तास विनामूल्य आहे. तो बसून बघा, घरी जाऊन विचार करा, मग ठरवा. चिनी भाषा आलीच पाहिजे असं नाही, लागणारे शब्द आणि उच्चार आम्ही शिकवतो. येताना पदवीचं प्रमाणपत्र आणि मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं तुमचं दोन मिनिटांचं इंग्रजी बोलणं एवढंच आणा. एजंटने काही कागद दिला असेल तर तोही आणा, त्यात काय लिहिलंय ते आपण एकत्र वाचू. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.