मांजर दवाखान्यात नेताना

मांजर दवाखान्यात घाबरतं असं आपण म्हणतो, पण ते घाबरलेलं असतं घरातच. माळ्यावरून कॅरियर, म्हणजे मांजर न्यायचा जाळीच्या दाराचा डबा, खाली आला की स्वारी पलंगाखाली. वर्षातून एकदा दिसणारा डबा आणि त्यामागून येणारी सुई, हे त्याच्या पक्कं ध्यानात राहतं.

म्हणून कॅरियर आठ-पंधरा दिवस आधीच दार उघडं ठेवून कोपऱ्यात मांडा. आत त्याची रोजची गोधडी घाला, तीही न धुता, कारण स्वतःच्या वासाने मांजर निवांत होतं. खाणं आधी दाराशी, मग आत द्या. पुढे ते खात असताना क्षणभर दार लावून पाहा. कॅरियर कडक प्लास्टिकचा, वरचं झाकण निघणारा असावा. मग मांजराला ओढून काढावं लागत नाही, खालच्या अर्ध्या भागात बसल्या बसल्या तपासणी होते. पोत्यात घालून तोंड बांधणं मात्र सोडाच, हवा कोंडते.

तरीही आत जात नसेल तर डबा दार वर करून उभा धरा, मांजर टॉवेलात गुंडाळा आणि मागच्या पायांकडून हलकेच आत सोडा. प्रवासात उलटी होत असेल तर निघण्याआधी तीन-चार तास खाणं देऊ नका, पाणी चालेल. पिल्लांना उपाशी ठेवू नये.

आपल्याकडे खरी काळजी उन्हाची. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जातो. मांजराचं अंग एरवी 38 ते 39 अंश सेल्सिअस असतं आणि त्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही थोडाच. कुत्र्याचं धापा टाकणं नेहमीचं. मांजर तोंड उघडून धापू लागलं तर ते संकट समजा. सकाळी लवकरची वेळ घ्या. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे गार लागलं तर त्याला सरकता येतं. वरून पातळ सुती पंचा टाका, जाळीचा थोडा भाग न झाकता ठेवा. ओलं जाड कापड चहूबाजूंनी गुंडाळलं की आत नुसती वाफ.

स्कूटरच्या पायाशी डबा ठेवू नका, तिथे धूळ आणि हादरे दोन्ही. मागे बसणाऱ्याने तो मांडीवर घेऊन खालून दोन्ही हातांनी धरावा. त्यापेक्षा रिक्षा बरी.

जनावरांच्या दवाखान्यात म्हशी, शेळ्या, कुत्री असायचीच. डबा जमिनीवर न ठेवता बाकावर, दार आपल्याकडे करून ठेवा. घाबरलेल्या मांजराच्या रक्तातली साखर मधुमेह नसतानाही वाढते, म्हणून वाटेत ते किती बिथरलं ते डॉक्टरांना सांगा. फारच बिथरणाऱ्या मांजराला निघण्याआधी द्यायचं गॅबापेंटिन हे शांत करणारं औषध डॉक्टर वजन पाहून लिहून देतात. घरातली माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

बोका सारखा कुंथतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर मात्र सवय लावत बसू नका. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. कॅरियर नसेल तर भाजीचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने चारी बाजूंनी आवळा आणि लगेच निघा.