काळ्या पट्ट्यांमागचं पूर्ण चित्र

सिनेमा सुरू झाला, वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या, की घरातलं कुणीतरी रिमोट उचलतं आणि चित्र ‘झूम’ करून पडदा भरून टाकतं. पैसे मोजून मोठा टीव्ही घ्यायचा आणि त्याचा काही भाग काळा पाहायचा, हे पटत नाही. पण पडदा भरतो तेव्हा चित्राच्या दोन्ही कडा आपण कापलेल्या असतात.

सिनेमाची चौकट सुरुवातीला बरीचशी चौकोनी होती. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन यांनी ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर जी चौकट ठरवली, तिची रुंदी उंचीच्या १.३३ पट, म्हणजे ४:३ होती. बोलपट आल्यावर फिल्मच्या कडेला ध्वनीची पट्टी बसवावी लागली. मग हॉलिवूडने १९३२मध्ये १.३७ हे प्रमाण पक्कं केलं. टीव्ही आला तोही याच ४:३ आकारात. त्यामुळे जुने कृष्णधवल सिनेमे त्या डबा टीव्हीवर फारशी काटछाट न होता मावत.

१९५०च्या दशकात अमेरिकेत लोक घरीच टीव्हीसमोर बसू लागले, तेव्हा त्यांना थिएटरात परत आणण्यासाठी स्टुडिओंनी पडदा रुंद केला. १९५३मध्ये सिनेमास्कोप आलं. फिल्म तीच ३५ मिलिमीटरची, पण कॅमेऱ्यासमोर ॲनामॉर्फिक भिंग. हे भिंग दृश्य आडव्या दिशेने निम्मं दाबून फिल्मवर उतरवतं. त्यामुळे फिल्मवरची माणसं काटकुळी दिसतात. थिएटरातल्या प्रोजेक्टरचं भिंग तेवढंच उलट ताणतं आणि पडद्यावर सगळं पूर्ववत होतं. ही युक्ती फ्रान्सच्या आंरी क्रेतियाँ यांची. आज या रुंद चौकटीचं प्रमाण साधारण २.३९ धरतात.

भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’, १९५९चा. छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचं. त्यातल्या रिकाम्या स्टुडिओत नायक-नायिका एकमेकांपासून दूर उभे असतात आणि वरून प्रकाशाचा झोत उतरतो. दोघांमधलं ते अंतर हाच त्या दृश्याचा आशय आहे, आणि ते दाखवायला रुंद चौकटच लागते. असं दृश्य ४:३मध्ये पडदाभर बसवायचं तर जवळपास ४४ टक्के रुंदी जाते. राहतो एकटा नायक, नाहीतर एकटी नायिका, नाहीतर मधली मोकळी जागा.

व्हिडिओ कॅसेट आणि डीव्हीडीच्या काळात ‘फुल स्क्रीन’ नावाने बहुधा हेच विकलं जाई. व्हिडिओ तयार करताना एक तंत्रज्ञ मूळ चौकटीतला कोणता तुकडा दाखवायचा ते ठरवी आणि गरजेप्रमाणे तो तुकडा डावी-उजवीकडे सरकवी. याला ‘पॅन अँड स्कॅन’ म्हणतात. दिग्दर्शकाने कॅमेरा स्थिर ठेवलेला असे, घरच्या पडद्यावर मात्र तो हललेला दिसे. मला हा सिनेमावरचा अन्यायच वाटतो.

काळ्या पट्ट्यांचीही किंमत मोजावी लागे, हे खरं. आपल्याकडच्या व्हीसीडीत, म्हणजे व्हिडिओ सीडीत, चित्राच्या जेमतेम २८८ आडव्या ओळी असत. त्यात सिनेमास्कोप चित्रपट पट्ट्यांसह बसवला, की चित्रासाठी १६०च्या आसपास ओळी उरत आणि लांबची माणसं अगदी पुसट दिसत. डीव्हीडीने पुन्हा क्रेतियाँचीच युक्ती वापरली. चित्र दाबून साठवायचं आणि टीव्हीने ते रुंदीत पसरायचं, म्हणजे पट्ट्यांवर कमी ओळी खर्च होतात.

सगळेच रुंद सिनेमे ॲनामॉर्फिक भिंगाने चित्रित होत नाहीत. काही चित्रपटांत जवळजवळ पूर्ण चौकट टिपतात आणि थिएटरात वरचा-खालचा भाग झाकून १.८५चं प्रमाण दाखवतात. त्याच चित्रपटाची ‘फुल स्क्रीन’ आवृत्ती या झाकलेल्या भागासह केली, तर थोडं जास्तच दिसतं, कधीकधी वर लोंबणारा माइकसुद्धा! पण जास्त दिसलं म्हणून ती रचना दिग्दर्शकाने योजलेली ठरत नाही.

आजचे टीव्ही १६:९ आहेत, म्हणजे १.७८. जुन्या ४:३ आणि सिनेमास्कोप यांच्या मधला, दोघांनाही बऱ्यापैकी सामावून घेणारा हा आकार. त्यामुळे दोन्ही प्रकारांत पट्ट्या येतातच. ४३ इंची टीव्हीवर सिनेमास्कोप चित्रपटाला सुमारे ४० सेंटीमीटर उंची मिळते आणि वर-खाली जवळपास सात-सात सेंटीमीटर काळे राहतात. १९३६चा प्रभातचा ‘संत तुकाराम’ लावला तर पट्ट्या डावी-उजवीकडे येतात. तो ताणून पडदा भरला, तर प्रत्येक चेहरा जवळपास एक तृतीयांशाने रुंद होतो. घड्याळाची तबकडी किंवा गाडीचं चाक अंडाकृती दिसलं, की टीव्ही चित्र ताणतोय असं खुशाल समजावं आणि सेटिंगमध्ये जाऊन ‘ओरिजिनल’सारखा पर्याय निवडावा. नावं कंपनीगणिक बदलतात.

चित्राच्या चारही बाजूंनी काळं दिसलं, तर मात्र झूम जरूर वापरा. पट्ट्यांसह ४:३मध्ये साठवलेला रुंद सिनेमा १६:९च्या टीव्हीवर लावला की असं होतं. तिथे झूम केल्यावर फक्त काळा भागच पडद्याबाहेर जातो.