एकदाच विणलेली जाळी

गुडघा वाकवताना हाडे एकमेकांवर घासत नाहीत, कारण त्यांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचा, ओल्या काचेसारखा गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. या थराच्या वजनात निव्वळ पाण्याचाच वाटा 65 ते 80 टक्के भरतो. इतके पाणी असलेली वस्तू शरीराचा भार पेलते कशी, हे समजून घ्यायचे तर त्या पाण्याला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाकडे, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनकडे पाहावे लागते. त्वचेत आणि हाडांत प्रामुख्याने पहिल्या प्रकारचे कोलॅजेन असते; कूर्चेतले कोलॅजेन त्याहून वेगळे आहे, हे मिलर आणि मॅटुकास यांनी 1969 मध्ये कोंबडीच्या पिल्लांच्या कूर्चेवरून दाखवून दिले.

या रेणूची घडण दोरासारखी आहे. हजाराहून अधिक ॲमिनो आम्लांच्या तीन एकसारख्या साखळ्या एकमेकींभोवती वळल्या जातात. प्रत्येक साखळीचा स्वतःचा पीळ डावा, तर तिघींचा मिळून पीळ उजवा असतो. उलट पिळामुळे दोर सुटत नाही, ही दोर वळणाऱ्यांची जुनी युक्ती इथे रेणूच्या पातळीवर दिसते. कोलॅजेनच्या या तिपेडी रचनेची कल्पना जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी 1954 मध्ये मद्रास विद्यापीठातून मांडली. तीन पेड जिथे एकत्र येतात तिथे जागा इतकी चिंचोळी असते की सर्वांत लहान ॲमिनो आम्ल ग्लायसिन तेवढे मावते, आणि म्हणून साखळीत दर तिसरे स्थान त्याचेच असते. एखाद्या ठिकाणी ग्लायसिनऐवजी दुसरे मोठे आम्ल आले, तर पीळ तिथेच अडखळतो. अशा एका बदलाने हाडांची वाढ खुंटू शकते किंवा गर्भही दगावू शकतो. डोळ्यातील काचद्रवातही हेच कोलॅजेन असल्याने, त्याच्या जनुकातील दोषांमुळे होणाऱ्या स्टिकलर सिंड्रोममध्ये सांध्यांबरोबर दृष्टीवरही परिणाम होतो. क जीवनसत्त्वाचे कामही याच टप्प्यावर आहे: त्याच्या मदतीने साखळीतल्या प्रोलीन या ॲमिनो आम्लाचे हायड्रॉक्सिप्रोलीन झाले नाही, तर दोर शरीराच्या तापमानालाच उलगडू लागतो.

मात्र दोर कितीही मजबूत असला तरी तो ताण सोसतो, दाब नव्हे. दाबाची बाजू ॲग्रिकॅन हे दुसरे प्रथिन सांभाळते. त्याच्या शर्करा-साखळ्यांवर ऋण विद्युतभार असल्यामुळे ते पाणी ओढून घेते आणि फुगू पाहते. कोलॅजेनची जाळी त्याला पुरते फुगू देत नाही. पाय टेकताना आपण उभे राहतो ते या अडवलेल्या फुगवट्यावर. जाळीची वीणही सगळीकडे सारखी नसते: पृष्ठभागाजवळ तंतू आडवे, घर्षणाच्या दिशेला समांतर असतात, तर खोलवर ते उभे होऊन हाडाकडे रुजतात.

मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट मात्र या जाळीचे वय आहे. 1950 आणि 1960 च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-14 चे, म्हणजे कार्बनच्या किरणोत्सारी प्रकाराचे, प्रमाण एकदम वाढले आणि नंतर उतरत गेले; शरीरात त्या काळात तयार झालेल्या प्रथिनात त्या त्या वर्षीचे प्रमाण उमटते. गुडघ्याच्या कूर्चेतील कोलॅजेनमध्ये हा कार्बन मोजला असता, ते त्या व्यक्तीच्या वाढीच्या वयातच तयार झालेले असून प्रौढपणी जवळजवळ बदलत नाही, असे आढळले. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि पेशीही विरळ असतात, हे लक्षात घेतले तर ते फारसे अनपेक्षित नाही. (सांध्यांसाठी म्हणून खाल्लेले कोलॅजेनही पचनात तुटते, ते दोर म्हणून सांध्यात जाऊन बसत नाही.)

जुन्या जाळीवर वर्षानुवर्षे शर्करेचे रेणू चिकटतात, त्यामुळे ती पिवळट आणि ठिसूळ होते. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये कोलॅजिनेज गटातील विकरे, विशेषतः एमएमपी-13, दोराला सुमारे तीन-चतुर्थांश लांबीवर नेमके छेदतात आणि तुटलेले तुकडे उलगडून जातात. त्या वेळी ॲग्रिकॅन बऱ्याच प्रमाणात शिल्लक असते, पण त्याला आवरणारे कोणी उरत नाही. म्हणून रोगाच्या सुरुवातीला कूर्चा सुकत नाही, उलट अधिक पाणी शोषून मऊ पडते.