पाचगणी

महाराष्ट्रातील सातारा जिल्ह्याच्या महाबळेश्वर तालुक्यातील थंड हवेचे ठिकाण आणि निवासी शाळांचे नगर. समुद्रसपाटीपासून उंची सु. १,३०० मी. महाबळेश्वरच्या पूर्वेस सु. १८ किमी. व वाईच्या पश्चिमेस सु. १२ किमी. अंतरावर, कृष्णेच्या खोऱ्यावर झुकलेल्या डोंगरसोंडेवर ते वसले आहे. नगरपरिषद असलेल्या या गावाची कायम वस्ती पंधरा हजारांच्या आसपास आहे. शाळा भरलेल्या असताना आणि मे महिन्याच्या सुट्टीत रस्त्यावर दिसणारी गर्दी मात्र तिच्याहून बरीच वेगळी असते.

नाव : ‘पाचगणी’ची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर व तायघाट या पाच खेड्यांच्या मधोमध वसलेले म्हणून पाचगणी, हे मत सर्वांत रूढ आहे. दुसऱ्या मतानुसार हे नाव गावाभोवतीच्या पाच टेकड्यांवरून किंवा पठारांवरून आले. तिसरी उपपत्ती पाच पांडवांकडे जाते. तिला लोककथेपलीकडे आधार नाही. पण सह्याद्रीतल्या कोणत्याही गुहेला पांडवांचा मुक्काम चिकटतोच, त्यामुळे ती येथेही असावी यात नवल नाही. टेकड्यांच्या मताची अडचण अशी की सोंड कोठे संपते व पठार कोठे सुरू होते यावर मोजणी अवलंबून राहते आणि मोजणाऱ्यागणिक आकडा बदलतो. खेडी पाचच आहेत व ती आजही नांदती आहेत, म्हणून पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि तेही निःशंक नाही. ‘गणी’ हा शब्द आजच्या बोलीत गाव या अर्थाने स्वतंत्रपणे वापरला जात नाही. ‘गण’ म्हणजे समूह, याच्याशी त्याचा संबंध जोडता येतो इतकेच. या जागेला पूर्वी नाव नव्हते व इंग्रज अधिकाऱ्याने ते दिले, असेही सांगितले जाते. ते खरे मानल्यास इंग्रजाने ‘पाचगाव’सारखा सरळ शब्द सोडून ‘गणी’ कोठून उचलला, हा प्रश्न उरतो. नाव आधीपासून स्थानिकांच्या तोंडी असावे व सरकारी दप्तराने ते तसेच उतरवून घेतले असावे, हे अधिक संभवनीय आहे.

लेखनाचा घोळही याच नावाशी निगडित आहे. जुन्या मराठीत ‘पांच’ असा अनुच्चारित अनुस्वार लिहीत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुस्वार गेले व ‘पांचगणी’ची ‘पाचगणी’ झाली. रोमन लिपीतल्या नावात मात्र तो ‘न’ टिकून राहिला, आणि बाहेरून येणारे तो वाचून ‘पंचगणी’ म्हणतात. तालुक्यातील लोक ‘पाचगणी’च म्हणतात.

भूरचना : पाचगणीचा पाया दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सु. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हा उद्रेकांत तो एकावर एक थरांनी साचला. यांपैकी वरच्या थरांच्या समूहाला भूशास्त्रज्ञ ‘वाई उपगट’ म्हणतात, ते याच परिसरावरून. बेसाल्टच्या माथ्यावर जांभ्याचे कठीण टोपण आहे. गावालगतचे ‘टेबललँड’ म्हणजे हेच टोपण होय. उष्ण व पावसाळी हवेत खडकातील सिलिका, चुना, सोडा यांसारखी द्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात, लोह व अ‍ॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात आणि जांभा तयार होतो.

एवढ्या उंचीवर हा जांभा कसा आला, याबद्दल दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार तो जागच्या जागी झाला. लाव्हा थांबल्यावर उघड्या राहिलेल्या मूळ पृष्ठभागाचे दीर्घकाळ अपक्षरण (हवा-पाण्याने जागीच विघटन) झाले व आजची पठारे म्हणजे त्या एकसंध पृष्ठभागाचे उरलेले तुकडे होत. ऑलियर व शेठ या भूशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये याच्या उलट मांडणी केली. त्यांच्या मते हा लोहमय थर प्राचीन दऱ्यांच्या तळाशी साचून घट्ट झाला. पुढे भोवतीचा मऊ भाग झिजून गेला व दरीचा तळच डोंगरमाथा बनला. काही पठारांचा अरुंद, पट्ट्यासारखा आकार या मांडणीला अनुकूल आहे. परंतु महाबळेश्वर–पाचगणी भागात बेसाल्टपासून मऊ झालेल्या खडकाकडे व तेथून जांभ्याकडे होत गेलेला क्रमिक बदल दिसतो. तेव्हा निदान या परिसरापुरते पहिले मत अधिक पटण्याजोगे आहे.

टोपणाखालची चिकणमाती मऊ असते. ती झिजली की वरचा जांभा छतासारखा उरतो व कपारी तयार होतात. टेबललँडच्या कडेची ‘डेव्हिल्स किचन’ ही गुहा आणि राजपुरी येथील कार्तिकेयाचे स्थान असलेल्या गुहा या रचनेशी जुळतात. सच्छिद्र जांभ्यात मुरलेले पावसाचे पाणी याच चिकणमातीच्या पातळीवर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. पठाराखालची खेडी अशा झऱ्यांच्या आधाराने वसली असावीत. टेबललँड हे ‘आशियातील दुसऱ्या क्रमांकाचे पठार’ असल्याचे पर्यटन-पत्रकांत हमखास छापले जाते. हा क्रम कोणत्या निकषावर लावला ते मात्र कोठेही दिलेले नसते. तिबेट आशियातच आहे हे ध्यानात घेता या विधानाची दखल न घेणेच बरे. महाबळेश्वर–पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला. २०२५ मध्ये येथील भूशास्त्रीय वारशाचा यूनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला.

हवामान व वसाहत : पाचगणीच्या घडणीचे मूळ पावसात आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा मीटर पाऊस पडतो व पूर्वी पावसाळ्यात ते राहण्याजोगे नसे. अवघ्या १८ किमी. पूर्वेला पाऊस साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो. यामुळे बारमाही राहता येईल असे ठिकाण म्हणून १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने ही जागा निवडली. त्याच्यासोबत पाहणीस रुस्तुमजी दुभाष होते, असे सांगितले जाते. आज गावाची ओळख बनलेला सिल्व्हर ओक हा मूळचा ऑस्ट्रेलियातील वृक्ष येथे आणण्याचे श्रेयही चेसनलाच देतात. वसाहतीपूर्वीच्या पाचगणीविषयी फारच थोडी माहिती मिळते.

कोरडी हवा क्षयरोग्यांना मानवते या तत्कालीन समजुतीनुसार डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये ‘बेल-एअर’ हे आरोग्यधाम काढले. मोहनदास करमचंद गांधी १९४४ च्या उन्हाळ्यात तुरुंगातून सुटल्यावर येथे राहिले होते. १७ जुलै १९४४ रोजी त्यांनी जिनांना पाठवलेले भेटीचे पत्र पाचगणीहूनच लिहिलेले आहे.

शाळा : बारमाही वस्तीच्या सोयीमुळेच निवासी शाळा आल्या. सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ पासून आहे. १८९० च्या दशकातीलच किमिन्स ही युरोपीय मुलामुलींची शाळा; तिच्यातून मुलांची शाखा वेगळी होऊन आजची सेंट पीटर्स झाली. हे वर्ष कोणी १९०२ तर कोणी १९०४ देतात. शाखा वेगळी होणे व शाळा स्थिर होणे या दोन घटनांची सरमिसळ त्यामागे असावी. पुढे जमातवार शाळांची रांगच लागली. पारशी शाळेची बिलिमोरिया, मुस्लिम शाळेची अंजुमन-ए-इस्लाम व हिंदू शाळेची संजीवन अशी नामांतरे झाली. बहाई पंथीयांची न्यू एरा १९४५ ची. फारुख बलसारा, म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला गायक फ्रेडी मर्क्युरी, १९५० च्या दशकात सेंट पीटर्समध्ये होता व ‘द हेक्टिक्स’ या विद्यार्थी वाद्यवृंदात पियानो वाजवी. नैतिक पुनरुत्थान (मॉरल री-आर्मामेंट) चळवळीचे ‘एशिया प्लॅटू’ हे केंद्र राजमोहन गांधींच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाअखेरीस उभे राहिले.

प्रेक्षणीय स्थळे : दोन दिवस पुरतात. टेबललँड सकाळी, घोड्यांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी पाहावे. पावसाळा सरताना तेथे गेंद, सीतेची आसवे यांसारख्या जांभ्यावरच्या नाजूक वनस्पती फुलतात. त्यांसाठी खाली वाकावे लागते. सिडनी पॉइंटवरून धोम धरणाचा जलाशय व वाईचे खोरे दिसते. हे नाव मुंबईचा ब्रिटिश सेनापती सर सिडनी बेकविथ याच्यावरून आल्याचे म्हणतात, पण बेकविथ १८३१ मध्येच महाबळेश्वरी वारला. तेव्हा नामकरण त्याच्या हयातीतले नव्हे, निदान पाचगणीच्या वसाहतीच्या संदर्भात तरी नव्हे. पारसी पॉइंट महाबळेश्वरच्या वाटेवर आहे. त्याच रस्त्यावरून फुटणाऱ्या फाट्याने भिलारला जाता येते. हे स्ट्रॉबेरीचे गाव मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ म्हणूनही ओळखले जाते. घराघरांत मांडलेली मराठी पुस्तके तेथे बसून वाचता येतात. स्ट्रॉबेरीचा हंगाम हिवाळ्यापासून साधारण एप्रिलपर्यंत असतो. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

पुण्याहून अंतर सु. १०० किमी. वाईपासून पसरणी घाटाने चढावे लागते. घाटाच्या पायथ्याच्या वाईत ढोल्या गणपतीच्या मंदिराबरोबरच मराठी विश्वकोशाचे कार्यालयही आहे.