विकेंद्रित समाजमाध्यमांसाठी सामाईक ॲप

मॅस्टोडॉन, ब्लूस्काय, नॉस्टर अशा वेगवेगळ्या विकेंद्रित, म्हणजे एकाच केंद्रावर न चालणाऱ्या, समाजमाध्यमांच्या जाळ्यांवरची आपली खाती एकाच ॲपमध्ये उघडून वाचण्या-लिहिण्याची पद्धत. ओपनव्हाइब हे अशा ॲपचे परिचित उदाहरण. टॅपेस्ट्री मुख्यतः वाचण्यासाठी आहे, तर क्रॉसाँ एकच मजकूर अनेक ठिकाणी टाकण्यासाठी.

या जाळ्यांचे नियम खुले असतात; कोणीही त्यांवर चालणारे ॲप लिहू शकतो. ऑयगेन रोश्को यांनी २०१६ मध्ये जर्मनीत सुरू केलेले मॅस्टोडॉन ‘ॲक्टिव्हिटीपब’ या नियमावलीवर चालते. तिला २०१८ मध्ये डब्ल्यू३सी या वेबचे मानक ठरवणाऱ्या संस्थेची मान्यता मिळाली. उद्या नाशिकमधल्या एखाद्या वाचनालयाने आपला सर्व्हर उभा केला, तर त्याचे सभासद बर्लिनच्या सर्व्हरवरील माणसाला फॉलो करू शकतील. ई-मेलमध्ये घडते तसेच. ब्लूस्काय फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याची नियमावली वेगळी, ‘एटी प्रोटोकॉल’ नावाची. तिथे स्वतःच्या संकेतस्थळाचा पत्ताच आपले नाव म्हणून वापरता येतो. नॉस्टरमध्ये खाते देणारे कोणीच नसते. वापरणाऱ्याकडे एक जाहीर व एक खासगी किल्ली (अक्षरे-आकड्यांची लांब साखळी) असते आणि मजकूर ‘रिले’ नावाच्या सर्व्हरांवर जातो.

सामाईक ॲपमुळे ही जाळी एकमेकांशी जोडली जातात, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. ॲप फक्त तिन्हीकडचा मजकूर एका पडद्यावर आणते. ब्लूस्कायवरच्या माणसाला मॅस्टोडॉनवरून उत्तर द्यायचे, तर ‘ब्रिजी फेड’सारखा पूल, म्हणजे मजकूर एका जाळ्यावरून दुसऱ्यावर पोहोचवणारी सेवा, लागतो आणि त्यासाठी आपली संमती द्यावी लागते. पूल नसेल तर प्रत्येक ठिकाणी खाते वेगळे, फॉलोअर वेगळे आणि उत्तरेही वेगळी.

नाशिकचा पावसाळा घेतला तर या पद्धतीचा उपयोग आणि तिची अडचण दोन्ही कळतात. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गावभर एकच प्रश्न असतो : पाणी कुठवर आले? उत्तर अजूनही गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावरच मोजले जाते. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. रामकुंडाजवळ राहणाऱ्याने ‘मारुतीच्या कमरेला पाणी’ असे सामाईक ॲपमधून एकदा लिहिले की ते तिन्ही जाळ्यांवर जाते. पंचवटीतला दुकानदार ब्लूस्कायवर असो की सातपूरचा कामगार मॅस्टोडॉनवर, दोघांनाही ते वेळेत दिसू शकते. पण माहिती चुकली तर? एकदा टाकलेला मजकूर तीन स्वतंत्र नोंदी होऊन बसतो, म्हणून दुरुस्तीही तिन्हीकडे झाली की नाही हे पाहावे लागते. नॉस्टरवर खोडण्याची विनंतीच करता येते. प्रत्येक रिले ती पाळेलच असे नाही. २०२७ च्या सिंहस्थात गर्दीची खबर देऊ पाहणाऱ्यांनी हे आत्ताच समजून घ्यावे. खबरीसोबत वेळ लिहिणे, ही साधी सवय इथे फार मोलाची आहे.

शब्दमर्यादेतही फरक आहे. मॅस्टोडॉनवर सहसा ५०० अक्षरे चालतात, ब्लूस्कायवर ३००. त्यामुळे दोन्हीकडे जाणारा मजकूर लहान मापातच बसवावा लागतो. मराठीच्या दृष्टीने एक गोष्ट आनंदाची आहे : ब्लूस्काय अक्षर मोजताना काना-मात्रा वेगळी धरत नाही. ‘गोदावरी’ तिथे चारच अक्षरांची भरते.

ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, भारतीय ‘कू’ २०२४ मध्ये. दोन्हींवरच्या ओळखीपाळखी त्यांच्याबरोबर विखुरल्या. सामाईक ॲप बंद पडले तर तसे होत नाही. खाती व फॉलोअर मूळ जाळ्यांवर राहतात आणि दुसऱ्या ॲपमधून उघडता येतात. मॅस्टोडॉनचा सर्व्हर बदलताना फॉलोअर सोबत नेता येतात, जुना मजकूर मात्र नव्या खात्यात जात नाही.

ॲपला प्रवेश देताना काळजी घ्यावी. मॅस्टोडॉनवर परवानगी मूळ सर्व्हरच्या पानावर दिली जाते, त्यामुळे पासवर्ड ॲपच्या हाती पडत नाही. नॉस्टरची खासगी किल्ली मात्र ज्याच्या हाती, खाते त्याचे; ती बदलून मिळत नाही आणि हरवली तर परत देणारे कार्यालयही नाही. ती कागदावर उतरवून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावी.